मी कुठे मानलं होतं, शमीम?

रविवार, २० जुलै. आलापल्लीचं आपलं वाचनालय आज बंद असतं. मी आतून कडी लावून खोडरबर चालवते आहे. वेबसाइट बनवायला शिकवणाऱ्या त्या बारीक पुस्तकात तू पेन्सिलीने फुल्या मारून ठेवल्या आहेस, त्या खोडायच्या आहेत. उद्या सकाळच्या बसने ते पुस्तक चंद्रपूरच्या दुकानदाराकडे परत जायचं आहे. खुणा केलेलं पुस्तक तो परत घेत नाही, हे तुला मी चारदा सांगितलं होतं.

"घेते तो, बाई," तू म्हणालीस. "आन् हे परत द्यायचंच नाई आहे ना आपल्याले. ते तुमचं जाडं पुस्तक जाईन परत."

हे गुरुवारी संध्याकाळी. शुक्रवारी सकाळी तू घरच्या नळावर पाणी भरता भरता पडलीस आणि उठलीच नाहीस. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. दुपारी तुला आंघोळ घातली आणि दिवस मावळायच्या आत नेलंसुद्धा. शमीम, एवढ्या घाईची मला सवय नाही. आमच्याकडे बाहेरगावच्या लोकांसाठी खोळंबतात, लाकडं यायची असतात, कुणीतरी रुसलेला भाऊ यायचा असतो. मी आजवर त्या खोळंब्याला नावं ठेवत आले. परवा कळलं की तेवढ्या वेळात माणसाच्या डोक्यात निदान काही शिरतं. माझ्या अजून शिरलेलं नाही. मघाशी रस्त्यावर तुझ्यासारखी स्कूटर वाजली तर मी हे पुस्तक पटकन वर्तमानपत्राखाली सरकवलं. तुझ्या फुल्या खोडताना तू मला बघू नयेस म्हणून.

तुझ्या घरी मी काय केलं सांगू? आत बायका होत्या, बाहेर पुरुष. आत मला काही काम नव्हतं आणि नुसतं बसून राहणं मला जमत नाही. दाराशी चपलांचा ढीग पडला होता, येणारी प्रत्येक बाई अडखळत होती. मी खाली बसून चपलांचे जोड लावायला घेतले. भिंतीला टेकवून, टाचा आत, तोंडं बाहेर. लावता लावता तपकिरी पट्ट्यांचा जोड हातात आला. डाव्या चपलेचा पट्टा काळ्या दोऱ्याने शिवलेला. तूच शिवला होतास, माझ्यासमोर, वाचनालयाच्या पायरीवर बसून. तो जोडही मी रांगेत लावून टाकला आणि पुढचा उचलला. त्या क्षणी मला काहीही वाटलं नाही. रात्री जेवायला बसले आणि घास हातातच राहिला.

चपलांवरून एक राहिलं. या वाचनालयात आधी फक्त पेपर वाचणारी पुरुषमंडळी यायची. तू मागच्या खोलीतली वाळवी लागलेली कपाटं काढायला लावलीस, कुठल्या कुठल्या ऑफिसातून टाकून दिलेले कॉम्प्युटर आणून दुरुस्त केलेस आणि मुलींचा वर्ग सुरू केलास. नागपूरला कंपनीत वेबसाइट बनवत होतीस. अम्मी एकट्या पडल्या म्हणून परत आलीस. घरात बसून दुकानांच्या वेबसाइटची कामं केली असतीस तरी तुझं चाललं असतं. दाराशी मुलींच्या चपला दिसायला लागल्या त्या तुझ्यामुळे. हे मी तुला कधी म्हटलं नाही. "चपला नीट लावायला सांग त्यांना," एवढंच म्हणत राहिले.

आता पुस्तकांचं. वाचनालयाच्या समितीने यंदा पहिल्यांदाच तुझ्या वर्गासाठी पुस्तकं घ्यायला होकार दिला. एकाच पुस्तकाच्या दहा प्रती. तोवर तू मोबाइलवरचे व्हिडिओ दाखवायचीस, आणि टॉवर बंद पडला की वर्ग बंद पडायचा. दुकानदाराने दोन पुस्तकं बघायला पाठवली. अट एकच. जे ठेवाल त्यावर शिक्का मारा, दुसरं कोरं परत करा, मग उरलेल्या प्रती पाठवतो. शिक्का मारला की पुस्तक वाचनालयाचं झालं, मागे फिरता येत नाही. दोन आठवडे दोन्ही पुस्तकं माझ्या टेबलावर पडून होती आणि आपण दोघी भांडत होतो.

जाडं माझं. शिवलेली बांधणी, चांगला कागद, शेवटी सूची. सूची नसलेल्या पुस्तकावर माझा विश्वास बसत नाही. तू ते उघडलंस, पानं उलटत गेलीस, उलटतच गेलीस.

"बाई, पहिली ओळ टाइप कराची पाळी येतपर्यंत पोरगी सासरी जाईन."

"आधी माहिती दिली आहे. इंटरनेट म्हणजे काय, ते कसं आलं. पाया पक्का होतो."

"पाया खोदाच्या नादात घर कवा बांधाचं? आन् पहिलाच नमुना पाहा. अख्खं पान भरून! नवीन पोरीले पहिल्या दिवशी शेरवानी कापाले देता का तुमी?"

बारीक तुझं. पहिल्याच पानावर चार ओळी. त्या टाइप करायच्या, जतन करायच्या, उघडायच्या, की आपलं नाव मोठ्या अक्षरांत पडद्यावर. हे मलाही आवडलं होतं, आता सांगायला हरकत नाही. पण पुढे मी वाचत गेले तर, पान उघडलं नाही तर शिक्षकांना विचारा. चित्र दिसलं नाही तर शिक्षकांना विचारा. रंग आला नाही तर शिक्षकांना विचारा.

"हे पुस्तक आहे की तुझं हजेरीपत्रक?" मी म्हणाले. "लेखकाला काही सांगायचंच नव्हतं तर लिहिलं कशाला?"

तू हसलीस आणि माझ्याच टेबलावरची पेन्सिल घेऊन अशा प्रत्येक ठिकाणी फुली मारत सुटलीस. मी पुस्तक ओढायला गेले तर ते डोक्यावर धरलंस, लहान पोरीसारखं. शाळेत होतीस तेव्हाही वाचनालयाच्या पुस्तकांत रेघा मारायचीस आणि मी तुझं कार्ड काढून घ्यायचे.

"या या जागी पोरी अडकतेत, बाई. इथी मी लागतो."

"आणि तू नसलीस तर?"

मी आजारपणाबद्दल बोलत होते. नागपूरला कामाला गेलीस तर, एखाद्या दिवशी बस चुकली तर, असं.

"मंग येईन ना दुसऱ्या दिवशी. मी कुठी चाल्ली?"

शुक्रवारपासून ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. मी भाजी चिरते, कुलूप लावते, दूध तापवते, आणि मधेच "मी कुठी चाल्ली." मला तुझा राग येतो आहे. कुणाला सांगता येत नाही, म्हणून तुलाच सांगते.

दुसरं भांडण वर्डवरून. तू सांगायचीस की नव्या वर्गात पहिल्या दिवशी साऱ्याच्या साऱ्या पोरी वर्डच उघडतात. टायपिंगचा कोर्स सगळ्यांनी केलेला. टाइप करा म्हटलं की अर्ज टाइप करायला बसल्यासारखा हात तिकडेच जातो. आणि तिथे टाइप केलं की वेबसाइटचं पान तयार होत नाही, नुसते कंस आणि अक्षरं जशीच्या तशी दिसतात. ते साध्या नोटपॅडमध्येच करावं लागतं.

"मग आधीच सांग ना," मी म्हणाले. "भिंतीवर पाटी लाव. वर्ड उघडू नये. एक दिवस वाचेल."

"नाई सांगत."

"का?"

"अम्मीच्या शिलाईच्या दुकानात नवीन पोरगी आली तं तिले सुईदोरा देतेत का? पहिले बिलेड देतेत आन् जुने बिलाऊज. उसव म्हणतेत. नुसतं उसवत राह्यते पोरगी. टाका कसा धरून राह्यते ते उसवतानीच समजते, मंग ते शिवाले भेत नाई. माह्या पोरीयले पहिल्या दिवशी चुकू द्या. वर्ड उघडू द्या."

वर्गात मी दारातून बघितलंय तुला. एखादीचं पान बिघडलं की ती रडकुंडीला येऊन मागे बघायची. तू दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी. कीबोर्डला बोट लावायचं नाही. एकच शब्द, "उसव." मग ती एकेक ओळ काढून बघायची, कुठे काय सुटलं. मला तो वेळेचा अपव्यय वाटायचा. अजूनही थोडा वाटतो. हे भांडण अर्धंच राहिलं आहे, तू मेलीस म्हणून मी ते सोडणार नाही.

आणि तुझा तो हट्ट. "तुमी बसा ना एकडाव, बाई. दोन्ही पुस्तकं घेऊन. जे लिहिलं आहे तेच करा. तुमाले यातलं काहीच येत नाई, तुमच्यासारखं माणूस मले शोधून सापडन नाई."

"मला वेळ नाही."

"भेता तुमी."

"भ्यायचं काय त्यात? मला कामं आहेत."

"हो. खोडरबराची."

गुरुवारी निघताना तू पुन्हा विचारलंस, मी म्हणाले विचार करते. तू स्कूटरला लाथ मारलीस आणि तिथूनच ओरडलीस, "विचार नका करू, शिक्का मारा!" मी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. पावत्या लावत होते.

काल मी अम्मींकडे वरणभात घेऊन गेले. तुमच्याकडे चूल पेटत नाही, हे मला माहीत होतं. अम्मी शिलाई मशीनजवळच्या खाटेवर बसल्या होत्या. मशीनवर कुणाचा तरी अर्धा कुर्ता तसाच, सुई कापडात रुतलेली. मला वाटलं, रडतील. त्यांनी माझा हात धरून विचारलं, "बाई, वो किताब आ गयी क्या?"

मी म्हटलं, कुठली?

"अरे वोच, शमीमवाली. गुरुवार को आके बोली, अम्मी, बाई मान गयी. अपनीवाली किताब आरी. इत्ती खुश थी. रोटी डालते डालते बोल रही थी, मैं बोली तवे पे ध्यान दे."

मी कुठे मानलं होतं, शमीम? मी विचार करते म्हटलं होतं. तू माझा विचार घरी पोचेपर्यंत होकार करून टाकलास. नेहमीसारखं. वाचनालयाचं पान बनवलंस तेव्हाही माझा फोटो आधी टाकलास आणि मग विचारलंस. मी तो काढायला लावला.

अम्मी माझ्याकडे बघत होत्या. मी "हो" म्हणाले. दुसरं काय म्हणणार? आजवर मी त्या बाईशी कधी खोटं बोलले नव्हते.

तिथून वाचनालयात आले तर पायरीवर वनिता बसलेली. नव्या वर्गात नाव घातलंय ती, पलीकडच्या गावची, धानाची शेती आहे त्यांची, सध्या लावणीचे दिवस. उद्यापासून वर्ग सुरू व्हायचा होता. तिच्या पायांना चिखल तसाच होता, शेतातून सरळ आली होती.

"बाई, वर्ग होईन का?"

मी कुलूप काढत होते.

"रोवणं चालू हाये. बाबा म्हणे, मॅडमच नाई तं जाऊन काय करशीन, रोवण्याले चाल. बाकीच्या पोरी बी मलेच इचारून राह्यल्या. तुमी हो म्हणा, मंग मी घरी भांडतो."

"पुस्तक आहे," मी म्हणाले. "सोमवारी या."

"पुस्तकाले इचारता येते का?"

ती उद्धटपणे बोलली नाही. खरंच विचारत होती. एकदा रोवण्याला गेली की ती मुलगी परत येत नाही, हे तुला माहीत आहे आणि मलाही. रोवणं झालं की निंदण, निंदण झालं की कुणीतरी बघायला येतं. ती नाही आली तर बाकीच्याही येत नाहीत, आणि मग मागच्या खोलीत पुन्हा कपाटं.

म्हणून मी रात्री ठरवलं. तू नाहीस. पानोपानी "शिक्षकांना विचारा" म्हणणारं पुस्तक आता काय कामाचं? जाडं पुस्तक कुणाला काही विचारायला सांगत नाही, सगळं स्वतःच सांगतं. भांडण मी जिंकले. असं जिंकायचं नव्हतं, पण जिंकले. म्हणून आज हे खोडरबर. अर्ध्यापर्यंत खोडून झालं आहे. टेबलावर रबराचा भुसा पडलाय आणि मी तो पुसून टाकत नाहीये, याचं मला नवल वाटतं आहे. ढग भरून आले आहेत, लाइन जाईल. उरलेल्या फुल्या सकाळी.

सोमवार, २१ जुलै.

सकाळी लवकर आले. बसला वेळ होता. शिक्क्याची डबी काढली, जाडं पुस्तक पुढे घेतलं, आणि शिक्का मारायच्या आधी म्हटलं, ठीक आहे, बघू एकदा. तुझी इच्छा वगैरे म्हणून नाही. दहा प्रती मागवायच्या तर एकदा वापरून बघायला हवं, एवढं साधं. भाजीसुद्धा आपण दाबून घेतो.

मागच्या खोलीत गेले. खिडकीजवळचा कॉम्प्युटर सुरू केला. पहिला नमुना कुठे आहे ते शोधायलाच वेळ गेला, तुझं खरं होतं. पान उघडं ठेवायला वर पेपरवेट ठेवला. अख्खं पान टाइप केलं, एक खूण न सोडता. मी चांगलं टाइप करते. जतन केलं, उघडलं. खाली पुस्तकात लिहिलं होतं की आता तुम्हाला एक आकर्षक पान दिसेल. मला कंस दिसले. मी टाइप केलं होतं तेच, जसंच्या तसं, कंसांसकट.

पुन्हा तपासलं. पुस्तकाशी अक्षर न् अक्षर जुळत होतं. पुढचं पान उलटलं. तिथे पुस्तक पुढच्या धड्यावर गेलं होतं. मागची सूची पाहिली. सूचीत सगळं होतं, चुकलं तर काय करायचं एवढं नव्हतं. त्या लेखकाच्या मनातच आलं नव्हतं की कुणी चुकेल.

मग बारीक पुस्तक ओढलं. पहिलं पान, चार ओळी, आणि त्यांच्या खाली लगेच. पान उघडलं नाही तर शिक्षकांना विचारा. इथली फुली मी काल खोडली होती. पुस्तक तिरकं धरलं तर कागदावर पेन्सिलीचा दाब दिसत होता. तू फार दाबून लिहायचीस.

निदान या पुस्तकाला माहीत आहे की पान उघडणार नाही.

मी खुर्चीत मागे टेकले. पडद्यावर ते कंस. आणि वरच्या कोपऱ्यात, माझ्या नाकासमोर, वर्ड. मी वर्ड उघडलं होतं, शमीम. सगळं ऐकून, त्या पोरींना हसून, तुला पाटी लाव म्हणून, मी वर्डच उघडलं होतं. इतकी वर्षं वाचनालयाची पत्रं त्यातच टाइप केली आहेत, हात आपोआप गेला. तू मागे उभी असतीस तर काय म्हणाली असतीस ते मला माहीत होतं. मी मागे वळून पाहिलं. कुणी नव्हतं. कॉम्प्युटरचा पंखा घरघरत होता.

बंद केलं. नोटपॅड शोधून उघडलं. बारीक पुस्तकातल्या चार ओळी टाइप केल्या. तुझं नाव टाकायचा मोह झाला नाही. पुस्तकात लिहिलं होतं स्वतःचं नाव टाका, मी स्वतःचं टाकलं. उघडलं. पांढऱ्या पानावर मोठ्या काळ्या अक्षरांत मी. तो फोटो मी काढायला लावला होता, आणि आता हे. मला हसू आलं, आणि मग बराच वेळ चष्मा पुसावा लागला.

शिक्का बारीक पुस्तकावर मारला. पहिल्या पानावर, शेवटच्या पानावर, आणि नियमाप्रमाणे मधल्या एका पानावर. मग पेन घेतलं. काल खोडलेल्या फुल्या, दाबाच्या खुणांवरून, एकेक करून पुन्हा काढल्या. शाईने. वाचनालयाच्या पुस्तकावर आयुष्यात पहिल्यांदा मी काही लिहिलं. त्या जागी तू लागत होतीस. आता मी लागेन. मला येत नाही, पण मुलींच्या एक पान पुढे राहायला फार येत असावं लागत नाही.

जाडं पुस्तक कागदात गुंडाळून बसच्या वाहकाच्या हाती दिलं. परत येताना अम्मींच्या दारावरून आले. त्या ओट्यावर बसल्या होत्या. "किताब रख ली, अम्मी," मी रस्त्यावरूनच सांगितलं. शनिवारचं माझं खोटं तिथे संपलं. तुझंही.

मुली आल्या. चपला वेड्यावाकड्या. मी त्या तशाच राहू दिल्या. वनिता सगळ्यांत शेवटी आली, घरी भांडून आली असावी, चेहरा लाल होता. एकच प्रत होती, तिच्यावर सगळ्या वाकल्या. वनिताने कॉम्प्युटर सुरू केला आणि वर्ड उघडलं.

मी खिडकीशी उभी होते. तोंड उघडलं होतं, मिटलं. हात पाठीमागे बांधले.

तिने चार ओळी टाइप केल्या, जतन केलं, उघडलं. मग मागे वळली.

"बाई, हे असं काऊन दिसून राह्यलं?"

"उसव," मी म्हणाले, आणि खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले.